‘उद्धट’ कोणाला म्हणायचे, हे कोण ठरवते?

शिक्षणाचा विषय निघाला की आपल्या चळवळीत प्रवेश, आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि फी या गोष्टींवर बोलले जाते. मोर्चे निघतात तेही याच मागण्यांवर. मागण्या रास्तच आहेत, त्यांतली एकही सोडता येणार नाही. परंतु प्रवेश मिळाल्यानंतर वर्गाच्या आत आपल्या मुलाशी कोणत्या भाषेत बोलले जाते, कशासाठी त्याला उभे केले जाते, कशासाठी बाहेर काढले जाते, याचा हिशोब आपण ठेवत नाही. ‘शिस्त’ हा शब्द ऐकला की आपण गप्प बसतो. शिस्त तर हवीच, असे आपल्यालाही वाटते. पण शिस्त कोणाला लावली जाते आणि समजून कोणाला घेतले जाते, हा प्रश्न विचारल्याशिवाय शिक्षणातील समतेचा विषय पूर्ण होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी काम करतो. वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ अभ्यासिका चालते. चौथी ते आठवीची पस्तीस-चाळीस मुले-मुली येतात. निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या भरतात आणि वस्ती रिकामी होते, ती पुन्हा भरते मार्च-एप्रिलमध्ये. मधले पाच-सहा महिने काही मुले आजीजवळ राहतात, काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते, काही आईवडिलांबरोबर फडावर जातात. ती परत येतात तेव्हा वर्ग पुस्तकाच्या शेवटच्या धड्यांवर पोचलेला असतो. शिकवणारे आमचे कार्यकर्ते पाच. कोणी डी.एड. करून शिक्षक भरतीची वाट बघणारा, कोणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. दर महिन्याच्या बैठकीत पहिली तक्रार ठरलेली असायची, ‘पोरं ऐकत नाहीत.’ आणि त्यावरचा उपायही कोणीतरी सुचवायचेच, ‘एक छडी आणून ठेवा. मारायची नाही, नुसती दिसली तरी पुरे.’

या सूचनेवर आमच्यात बराच वाद झाला आणि शेवटी ठरले की विहारात छडी येणार नाही. त्या वादात जे मुद्दे निघाले आणि नंतर जे करून पाहिले, ते इथे मांडत आहोत. महाराष्ट्रभर विहारांत, समाजमंदिरांत अशा अभ्यासिका चालवणारे शेकडो तरुण आहेत. त्यांच्याही बैठकीत ही छडी कधीतरी येतेच.

आधी कायद्याचे बघू. संविधानाचे कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते, हे आपल्यातल्या लहान मुलालाही माहीत असते. शिक्षण हक्क कायदा २००९ यालाही कलम १७ आहे, ते मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा करता येणार नाही आणि त्याचा मानसिक छळ करता येणार नाही, असे ते कलम सांगते. जो करेल तो सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. १ एप्रिल २०१० पासून हा कायदा लागू आहे. याच कायद्याचे कलम २९ म्हणते की शिक्षण मुलाला भीतीपासून मुक्त करणारे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडू देणारे असावे. दोन्ही ठिकाणी १७ हाच आकडा येणे हा योगायोग आहे. मात्र दोन्ही कलमांचा विषय एकच आहे, माणसाचा अपमान.

कायदा येताना परिस्थिती काय होती? राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांतल्या शाळकरी मुलांशी बोलून एक पाहणी केली. ६,६३२ मुलांपैकी फक्त ९ मुलांनी सांगितले की आम्हाला कोणतीही शिक्षा झालेली नाही. त्यानंतर शाळेच्या भिंतींवर कलम १७ लिहिले गेले, काही गुरुजींच्या हातातली छडीही गेली. परंतु कलमातला दुसरा भाग, मानसिक छळाचा, आजही कोणी मोजत नाही. ‘तुला काय जमणार’, ‘तुझ्या बापाने कधी पुस्तक बघितलंय का’, ‘दप्तर घे आणि फडावर जा’ ही वाक्ये अंगावर वळ उठवत नाहीत, म्हणून ती शिक्षा धरली जात नाहीत.

वादात सर्वात जोरकस मुद्दा आमच्यातल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मांडला. ते म्हणाले, “आम्ही मार खाऊनच शिकलो. गुरुजींनी फोडून काढलं म्हणून आज दोन अक्षरं लिहितो.” हा मुद्दा आपल्या समाजात सर्रास ऐकू येतो आणि तो मनापासून मांडला जातो. म्हणूनच त्याला उत्तर दिले पाहिजे. मार खाऊन शिकलेला माणूस आज बैठकीत बसून बोलतो आहे. त्याच वर्गात मार खाऊन ज्याने चौथीत दप्तर टाकले तो या बैठकीत नाही, तो कोयता घेऊन फडात आहे. जे टिकले त्यांनाच आपण विचारतो आणि त्यांच्या उत्तरावरून मारामुळे माणूस घडतो असे ठरवतो. जे गळाले त्यांची साक्ष कोण काढणार? शिवाय, जे टिकले ते मारामुळे टिकले की मार असूनही टिकले? त्यांच्या घरी कोणी तरी पाठीशी उभे राहिले होते का? हे प्रश्न आम्ही त्या काकांना विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग आपल्या आईविषयी बोलू लागले.

मात्र नुसती छडी टाकून दिल्याने प्रश्न सुटत नाही, हेही मान्य केले पाहिजे. चाळीस मुले, एक खोली, त्यात दोघांची मारामारी, चौघांचा गोंगाट. शिकवणाऱ्याच्या हातात काहीतरी हवे. छडी गेली आणि तिच्या जागी काहीच आले नाही, तर तोंडाची छडी सुरू होते, म्हणजे टोमणे आणि आडनावावरून बोलणे. म्हणून आम्ही ‘पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीकडे वळलो. मराठीत तिला सकारात्मक वर्तन साहाय्य म्हणता येईल.

ही पद्धत कुठून आली, हे आंबेडकरी कार्यकर्त्याने आवर्जून समजून घ्यावे. ती १९८०च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली, तीव्र अपंगत्व असलेल्या माणसांसाठी. त्यांचे वागणे ‘सुधारण्यासाठी’ संस्थांमध्ये विजेचे झटके देणे, तोंडावर पाणी फवारणे, नाकाशी अमोनियाचा उग्र वास धरणे असे प्रकार चालत. ज्यांना बोलता येत नाही, तक्रार करता येत नाही, त्यांच्यावर काहीही केले तरी चालते, हा त्यामागचा विचार होता. त्याविरुद्ध पालक, कार्यकर्ते आणि काही अभ्यासक उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे की कोणतेही वागणे उगाच घडत नाही, त्यातून तो माणूस काहीतरी सांगत असतो. ते ओळखा, त्याला सांगण्याचा दुसरा मार्ग शिकवा, आणि ज्या परिस्थितीमुळे तसे वागावे लागते ती बदला. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणविषयक कायद्यात या विचाराला जागा मिळाली आणि पुढे तो सर्वसाधारण शाळांमध्येही पसरला. ज्यांना समाजाने सर्वात कमी माणूस मानले त्यांच्या प्रतिष्ठेच्या लढ्यातून ही पद्धत जन्मली आहे. ती आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

पद्धत समजायला अवघड नाही. एक वही घ्यायची. वर्गात काही बिघडले की तीन गोष्टी लिहायच्या. आधी काय घडले? मुलाने नेमके काय केले? त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा त्याचे काय टळले? ‘मस्ती केली’, ‘माजला’ असे लिहायचे नाही. ‘शेजारच्या मुलाची वही फेकली’ असे, डोळ्यांना दिसले तेवढेच लिहायचे. वेळही लिहायची.

पाचवीतला एक मुलगा आमच्याकडे येत असे. रोज कोणाची तरी खोडी काढायचा, वही फेकायचा, मग त्याला बाहेर पायरीवर बसवले जायचे. दोन आठवडे वही लिहिल्यावर दिसले की बहुतेक नोंदी एकाच वेळेच्या आहेत. उभे राहून मोठ्याने वाचण्याची पाळी त्याच्यापर्यंत येण्याच्या दोन-तीन मुले आधी हा प्रकार व्हायचा. गणिताच्या वेळी एकही नोंद नव्हती. त्याला वाचता येत नव्हते. मागचे दोन हंगाम तो आईवडिलांबरोबर फडावर होता, जोडाक्षरांशी त्याची गाठच पडली नव्हती. चाळीस मुलांसमोर अडखळण्यापेक्षा पायरीवर बसणे त्याला सोपे होते. म्हणजे आपण ज्याला शिक्षा समजत होतो, ती त्याची सुटका होती. ‘वाया गेलेला’ म्हणवून घेणे त्याला चालत होते, पण ‘मठ्ठ’ म्हणवून घेणे चालत नव्हते. त्याच्या जागी आपण असतो तर वेगळे वागलो असतो का?

उपाय साधा होता. सगळ्यांसमोर पाळीने वाचणे बंद करून दोघा-दोघांच्या जोड्यांनी वाचणे सुरू केले. त्याला दुसरीच्या पुस्तकापासून रोज दहा मिनिटे स्वतंत्र बसवले. आणि एक वाक्य शिकवले, ‘ताई, मला हे येत नाही, मदत कराल का?’ हे वाक्य म्हणायला शिकवावे लागते, सराव करून घ्यावा लागतो. कारण आपल्या मुलांचा अनुभव असा असतो की ‘येत नाही’ म्हटले की मार मिळतो. तो मुलगा दिवाळीपर्यंत अस्खलित वाचू लागला असे आम्ही सांगणार नाही. तो अजूनही अडखळतो. पण वही फेकणे थांबले आणि तो पायरीवरून आत आला.

दुसरे उदाहरण सातवीतल्या मुलीचे. ती रोज उशिरा यायची, आल्यावर भिंतीला टेकून डुलक्या घ्यायची, प्रश्न विचारला तर खाली मान. अशा मुलीची तक्रार कोणी करत नाही, कारण ती कोणाला त्रास देत नाही. पण वहीत तिचीही नोंद झाली. आईवडील फडावर, घरी दोन लहान भावंडे आणि थकलेली आजी. शाळेतून आल्यावर पाणी भरणे, भाकरी थापणे, भांडी, आणि मग अभ्यासिका. तिच्याबाबतीत तिचे वागणे सुधारण्यासारखे काहीच नव्हते. बदलायचे होते ते आपले वेळापत्रक. भावंडांना सोबत आणण्याची मुभा दिली, त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात चित्रांची पुस्तके ठेवली आणि तिचा अभ्यास आधी घेऊन तिला अर्धा तास लवकर सोडू लागलो. मुलाला बदलण्याआधी परिस्थिती बदलता येते का ते बघा, हा या पद्धतीचा गाभा आहे. समाजशास्त्राचा विद्यार्थी तरी वेगळे काय सांगतो?

ही दोन उदाहरणे एकेका मुलाची झाली. सगळ्या वर्गासाठी करायचे काम त्याआधीचे. ही पद्धत तीन थरांत काम करते. पहिला थर सगळ्यांसाठी, दुसरा थोड्या जास्त मदतीची गरज असलेल्या काही मुलांसाठी, तिसरा एखाद-दुसऱ्या मुलासाठी खास आखलेला. साधारण अंदाज असा की शंभरातल्या ऐंशी मुलांना पहिला थर पुरतो. म्हणजे पहिला थर नीट नसेल तर आपण चाळीसही मुलांच्या मागे धावत बसू.

पहिल्या थरात आम्ही मुलांसोबत बसून तीनच नियम केले, आणि तेही ‘करू नका’ या भाषेत नव्हे. ‘एक जण बोलताना बाकीचे ऐकतात.’ ‘वस्तू मागून घेतो.’ ‘अडले तर विचारतो.’ भिंतीवर लिहून भागत नाही, जसा पाढा शिकवतो तसे हे करून दाखवावे लागते. पहिला आठवडा आम्ही निम्मा वेळ यातच घालवला. चप्पल कुठे काढायची, आत कसे यायचे, पाण्याला उठताना काय करायचे, यांचा सराव केला. पालकांना वाटले, शिकवणे सोडून हे काय चालले आहे. पण त्यानंतर रोजची पंधरा-वीस मिनिटे वाचू लागली.

दुसरी गोष्ट कौतुकाची. एका चुकीला टोकताना निदान चार वेळा चांगल्या गोष्टीची दखल घ्यावी, असे या पद्धतीत सांगितले जाते. नुसते ‘शाब्बास’ म्हणायचे नाही. ‘तू स्वतःचं झाल्यावर शेजारच्याला थांबून समजावलंस, ते मला आवडलं’ असे नेमके सांगायचे. आमच्या कार्यकर्त्यांना हे सर्वात जड गेले. आपल्या पिढीला कोणी असे बोललेलेच नाही, तर जिभेवर शब्द येणार कुठून? चॉकलेट आणि चांदण्यांचे तक्ते मात्र आम्ही ठेवले नाहीत. भिंतीवरच्या तक्त्यात काही मुलांसमोर दहा चांदण्या आणि काहींसमोर एकही नाही, असे झाले की आपण उतरंड मोडायला बसलो आणि नवी उतरंड भिंतीवर टांगली, असे होते.

यात नवीन काही नाही, असे बौद्ध वाचक म्हणतील आणि ते खरे आहे. कारणाशिवाय काही घडत नाही, कारण दूर केले की परिणाम दूर होतो, हाच तर धम्माचा पाया आहे. अट्ठकथेतली चुल्लपंथकाची गोष्ट आठवा. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून त्याच्या सख्ख्या मोठ्या भावाने त्याला विहार सोडून जायला सांगितले. तथागतांनी त्याला पुन्हा गाथा घोकायला बसवले नाही. हातात एक स्वच्छ कापड दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले आणि जे पाठांतराने कळले नव्हते ते त्याला डोळ्यांसमोर कळले. गोष्टीतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवू. शिकणाऱ्याला घालवून देण्याऐवजी शिकवण्याची पद्धत बदलली, एवढे त्यातून घेतले तरी आपल्या विहारांना पुरे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ही पद्धत कितीही चांगली असली तरी ती जातीविषयी गप्प राहिली तर आपल्या उपयोगाची नाही. कारण वर्गात ‘वाईट वागणे’ कशाला म्हणायचे हेच मुळात जात ठरवते.

बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेतला आपला अनुभव लिहून ठेवला आहे. बसायला वेगळे गोणपाट, तेही घरून आणायचे आणि घरी न्यायचे. तहान लागली तर इतर मुले उठून नळावर जात. त्यांना मात्र शिक्षकाची परवानगी लागे आणि नळ उघडायला शिपाई लागे. शिपाई हजर नसेल तर तहानलेलेच राहायचे. जे इतर मुलांसाठी साधे पाणी पिणे होते, तेच एका मुलाने केले असते तर तो अपराध ठरला असता. वागणे तेच, नाव वेगळे.

हा फरक आज नळावर दिसत नसेल, तर तो शब्दांत दिसतो. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली शाळांमधील शिक्षांच्या नोंदी वर्णानुसार तपासल्या. गोऱ्या मुलांना कार्यालयात पाठवले जाई ते सिगारेट ओढणे, मोडतोड करणे अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी. काळ्या मुलांना पाठवले जाई ते ‘अनादर’, ‘फार आवाज’ अशा गोष्टींसाठी, ज्या शिक्षकाच्या मनावर अवलंबून असतात. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०१३-१४च्या आकडेवारीनुसार काळ्या मुलांना शाळेतून निलंबित केले जाण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या ३.८ पट होते.

आपल्याकडे अशा नोंदी कोणी ठेवत नाही. म्हणून आपल्याला शब्द ऐकावे लागतील. सिगारेट ओढली की नाही, याचा पुरावा असतो. ‘उद्धट’ याचा पुरावा काय? सरांच्या डोळ्यांत बघून बोलला म्हणून एक मुलगा ‘धीट’ ठरतो आणि दुसरा ‘माजलेला’. गावच्या पुढाऱ्याच्या मुलाने प्रश्न विचारला तर ‘चौकस’, आपल्या मुलाने विचारला तर ‘फार शहाणा’. एकाने मारामारी केली तर ‘वयच तसं आहे’, दुसऱ्याने केली तर ‘यांच्यात असंच असतं’. हे ‘यांच्यात’ आले की समजावे, वागण्याविषयीचे बोलणे संपले आणि जातीविषयीचे सुरू झाले. समाजशास्त्रात हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले की ‘बिघडलेला’ हा शिक्का ज्याच्या हातात असतो, तोच बिघाड कशाला म्हणायचे ते ठरवतो. एकदा शिक्का बसला की मूलही हळूहळू त्याप्रमाणे वागू लागते.

जातीचा उल्लेख मुलाच्या डोक्यावर काय परिणाम करतो, याचा एक प्रयोग कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत केला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केला. सवर्ण ३२१ आणि दलित ३२१ मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केलेली नव्हती तेव्हा दोघांच्या कामगिरीत म्हणावा असा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडी तीच. आता आपल्या शाळांतला प्रसंग आठवा. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की भर वर्गात ‘एससीवाले उभे राहा’ असे पुकारले जाते. त्यानंतरच्या तासाला त्यातला एखादा मुलगा भांडला तर वहीतल्या ‘आधी काय घडले’ या रकान्यात काय लिहायचे? फॉर्म पालकांच्या बैठकीत भरून घेता येतात. एवढा साधा बदल वर्गातले कितीतरी ‘वर्तन’ बदलू शकतो.

अमेरिकेतही हा अनुभव आला आहे. अनेक शाळांनी सकारात्मक वर्तन साहाय्य लागू केले, शिक्षांची एकूण संख्या घटली. पण काळ्या आणि गोऱ्या मुलांमधली दरी त्यामुळे आपोआप मिटली नाही. शिक्षा कोणाला होते हे वेगळे मोजले गेले नाही, तिथे ती दरी दिसलीही नाही. पद्धत आणा, पण मोजणीही आणा, हा धडा आपण घेतला पाहिजे.

आणखी एक धोका आहे. ‘वर्तन व्यवस्थापन’ या नावाखाली गप्प, आज्ञाधारक मुले तयार करण्याचे कामही गोड बोलून करता येते. आपल्याला ते नको. फुले-आंबेडकरांच्या समाजाला मान खाली घालणारी पिढी नव्याने घडवायची नाही. त्यामुळे अभ्यासिकेत आम्ही एक कसोटी ठेवली आहे. एखाद्या वागण्याने कोणाचे शिकणे अडले का, कोणाला इजा झाली का, कोणाचा अपमान झाला का? उत्तर ‘हो’ असेल तर त्यावर काम करायचे. उत्तर ‘नाही’ असेल आणि फक्त मोठ्या माणसाचा अहंकार दुखावला असेल, तर काम मोठ्या माणसावर करायचे. ‘सर, हे असं का?’ असे विचारणारे मूल हा वर्तनाचा प्रश्न नाही.

शिक्षकांना खलनायक ठरवण्यासाठी हे लिहिलेले नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत पाच वर्ग, वर मतदार याद्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहितीचा ससेमिरा, यात एकेका मुलाचे कारण शोधायला उसंत कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक, हे शिक्षण हक्क कायद्यातले प्रमाण पाळा, रिक्त जागा भरा, ही मागणी आपणच त्यांच्या बरोबरीने केली पाहिजे. अनेक शिक्षक फडावरून परतलेल्या मुलांना स्वतःच्या वेळात शिकवतात, त्यांच्यात सगळ्या जातींचे शिक्षक आहेत. पण कामाचा ताण सगळ्या मुलांवर सारखा निघत नाही. तो ज्याच्या मागे बोलणारे कोणी नाही त्याच्यावर निघतो.

म्हणून मागे बोलणारे कोणी हवे. त्याची जागा कायद्याने करून ठेवली आहे, ती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. प्रत्यक्षात आपल्या आयाबायांची नावे कागदावर असतात, सही घरी येऊन घेतली जाते आणि बैठकीत दोघे-तिघे बोलतात. आपल्या कार्यकर्त्यांनी या बैठकीत पालकांना घेऊन जावे आणि चार साध्या गोष्टी मागाव्यात. वर्गाबाहेर काढलेल्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवा, कारण डोळ्यांना दिसले त्या शब्दांत लिहा, आणि दर तीन महिन्यांनी त्यात कोणत्या प्रवर्गाची, किती मुले-मुली आहेत ते नावे न घेता समितीपुढे ठेवा. वर्गात जात पुकारून फॉर्म भरणे थांबवा. तक्रारपेटी समितीसमोर उघडा. आणि स्थलांतरावरून परतलेल्या मुलांसाठी पहिला महिना वाचन-लेखनाची वेगळी तासिका ठेवा, कारण त्यांच्या ‘मस्ती’चे निम्मे कारण तिथे आहे.

आणि हे मागण्याआधी आपल्या घरात सुरुवात करावी. विहारातली अभ्यासिका, उन्हाळी शिबिर, बालसंस्कार वर्ग जिथे आपल्या हातात आहे, तिथे छडी, कान पिळणे, उठाबशा आणि ‘मठ्ठ’ हा शब्द आजपासून बंद. आपल्याच विहारात आपल्याच ताई-दादाच्या तोंडून मुलाने हा शब्द ऐकला, तर शाळेतल्या शब्दाविरुद्ध उभे राहायला त्याला बळ कुठून मिळणार? दीडशे पानी एक वही आणि तीन प्रश्न एवढीच त्यासाठी सामग्री लागते. ज्या अभ्यासिकांना वही कशी लिहायची हे बघायचे असेल, त्यांनी आपला एक कार्यकर्ता आठवडाभरासाठी आमच्याकडे पाठवावा. राहण्या-जेवण्याची सोय वस्तीत होईल. शाळा जूनमध्ये उघडतात आणि समितीच्या बैठका त्यानंतर सुरू होतात. तोपर्यंत आपल्या वस्तीतले समितीचे सदस्य कोण आहेत, एवढे तरी प्रत्येकाने शोधून ठेवावे.

जय भीम! नमो बुद्धाय!